छेदातली माणसं

१७,५१,८४१.

हा आकडा एकदा तोंडाने म्हणून पाहावा. सतरा लाख एक्कावन्न हजार आठशे एक्केचाळीस. साडेसतरा लाख म्हटलं असतं तरी शास्त्राचं काही अडणार नव्हतं. टक्केवारी दशांशचिन्हापलीकडे कुठेतरी जराशी हलली असती, एवढंच. तरी शेवटचा तो एक तिथे आहे. ही मोजणी अंदाजाने झालेली नाही, नावांच्या यादीवरून झालेली आहे. आणि यादीतलं नाव काही सोयीसाठी खोडता येत नाही.

२०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात सात पानांचा एक लेख आला. लिहिणारे सहा जण: कॅरेन बार्नेट, स्ट्युअर्ट मर्सर, मायकेल नॉर्बरी, ग्रॅहम वॉट, सॅली वाइक आणि ब्रूस गथ्री. विषय असा की, एकाच माणसाच्या अंगात एकाच वेळी मुक्कामाला असलेले अनेक जुनाट आजार, आणि स्कॉटलंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून केलेली त्यांची मोजदाद. मथळा लांबलचक, सरकारी परिपत्रकाला शोभेल असा. आत ना उपमा, ना दृष्टान्त. कर्मणी प्रयोगांची रांग आणि कोष्टकं. रसग्रहणाला घ्यावं असं वरवर त्यात काहीच नाही. तरी मी हा लेख अधूनमधून काढून बसते आणि दर वेळी एखाद्या निराळ्या जागेवर ‘वा’ निघून जातो. त्या जागा दाखवाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

पहिली जागा छेदाची.

शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा अंश वर आणि छेद खाली लिहिला, आणि पुढे जन्मभर आपलं लक्ष वरच्याच आकड्याकडे राहिलं. किती जणांना मधुमेह? किती जणांचा रक्तदाब वाढलेला? ‘कितींपैकी’ हे विचारायचं राहूनच जातं. मोठ्या इस्पितळात बसून आजार मोजले तर छेदात येतात ती माणसं आधीच आजारी असलेली, प्रवासाची ऐपत असलेली, कोणीतरी हाताला धरून आणलेली. त्यातही हृदयाच्या विभागात मोजलं तर सगळं गाव हृदयरोगी दिसतं. बार्नेट आणि मंडळींनी मोजलं ते दारात आलेल्यांपैकी नव्हे, यादीवर असलेल्यांपैकी. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत जवळजवळ प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या ना कुठल्या जीपीच्या, म्हणजे वस्तीतल्या डॉक्टरच्या, यादीवर असतं. तान्ह्या बाळाचं असतं, फुटबॉल खेळणाऱ्या विशीतल्या पोराचं असतं, आणि चार वर्षांत दवाखान्याची पायरी न चढलेल्या गवंड्याचंही असतं. डॉक्टरकडे जायला पैसे पडत नाहीत, आणि मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर बहुतेक वेळा वाट याच दारातून जाते. अशा ३१४ दवाखान्यांच्या याद्या मार्च २००७ या एका ठरावीक वेळी गोठवून घेतल्या. देशाची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती त्यात आली.

त्या छेदात निरोगी माणसंही आहेत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अनेक आजारांवरच्या अभ्यासात ज्यांना एकही आजार नाही अशा माणसांना बसायला जागा दिलेली आहे. १०० पैकी ४२.२ जणांना यादीतला निदान एक जुनाट आजार होता, आणि २३.२ जणांना दोन किंवा अधिक. उरलेल्या ५७-५८ जणांचं लेखात कुठेही कौतुक नाही. पण ते खाली उभे आहेत म्हणून वरच्या २३.२ ला वजन आहे.

आता शब्दाकडे वळू. अल्व्हन फाइनस्टाइन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० साली ‘को-मॉर्बिडिटी’ हा शब्द रूढ केला: मुख्य आजार एक, आणि त्याच्यासोबतचे बाकीचे. ही रचना पालखीसारखी आहे. आत बसलेला देव ठरलेला. बाकीचे भोई, चोपदार, मागून चालणारे. कर्करोगाच्या तज्ज्ञाला अशी मांडणी सोयीची पडते, कारण पालखीत कोण बसलंय हे त्याला माहीत असतं. या लेखाने उचललेला शब्द दुसरा आहे, ‘मल्टिमॉर्बिडिटी’. मराठीत बहुव्याधी म्हणू. यात पालखी नाही, पंगत आहे. मधुमेहाशेजारी नैराश्य, त्याच्याशेजारी बहिरेपण, पलीकडे बद्धकोष्ठ. सगळे एकाच रांगेत, एकाच उंचीच्या पाटावर. फॅमिली डॉक्टरच्या टेबलासमोर माणूस येतो तो असा पंगत घेऊनच. नुसता शब्द बदलला आणि बघायची जागा इस्पितळातून उठून गल्लीतल्या दवाखान्यात आली.

पंगतीला बोलावलेले आजार एकंदर ४०. ३२ शरीराचे, ८ मनाचे. ही यादी आणि त्यातल्या प्रत्येक आजाराची व्याख्या मूळ लेखात नाही, पुरवणीतल्या एका कोष्टकात आहे. बरेच वाचक तिथवर जात नसावेत. माझ्या मते लेखाचा जीव त्या कोष्टकात आहे.

कोष्टक वरून खाली वाचत जावं. बरेचसे आजार सोपे आहेत: डॉक्टरने कधीतरी संगणकात त्या आजाराचा संकेतांक टाकला असेल तर आजार आहे, नसेल तर नाही. मग हळूहळू अडचणी सुरू होतात. कर्करोग? वीस वर्षांपूर्वी बरा झालेला धरायचा का? नाही, गेल्या पाच वर्षांत नव्याने निदान झालेलाच. दमा? लहानपणी होता, आता नाही, असे कितीतरी. म्हणून नोंद तर हवीच, शिवाय गेल्या वर्षात त्यावर औषध दिलेलं हवं. इसब आणि सोरायसिस यांच्यासाठी नोंद हवी आणि वर्षभरात औषधाच्या चार चिठ्ठ्याही हव्यात. प्रत्येक ओळीमागे सहा जणांची टेबलाभोवतीची हुज्जत ऐकू येते. ‘अहो, इसब कोणाला झालेलं नसतं?’ असं एकाने म्हटलं असणार, आणि दुसऱ्याने चारचा आकडा पुढे केला असणार.

आणि मग येते वेदना.

वेदनेचं काय करायचं? पाठ दुखते, गुडघे दुखतात, मान धरते, याला एक नाव नाही. आमवाताला संकेतांक आहे. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याला या यादीत स्वतःचं घर नाही. पण ठणका काढून टाकला तर दवाखान्यातली निम्मी गर्दीच मोजणीतून निघून जाईल. तेव्हा त्यांनी काय केलं, तर ‘दुखणारी अवस्था’ असा एक गोल शब्द घेतला आणि तिची खूण ठरवली: डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या वेदनाशामकांच्या वर्षभरात चार किंवा अधिक चिठ्ठ्या. बास. कुठे दुखतं, किती दुखतं, रात्री जाग येते का, काही विचारायचं नाही. चार चिठ्ठ्या असल्या की दुखतंय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं, जरा निर्दयही. आता मी त्याला दाद देते. वेदनेला बाहेरून दिसणारी जी खूण सोडता येते, ती त्यांनी बरोबर हेरली आहे. माणूस एकदा गोळी नेतो ते पाय मुरगळला म्हणून. दुसऱ्यांदा नेतो तेव्हा शंका येते. चौथ्यांदा चिठ्ठी लिहून घेतो तेव्हा ते दुखणं घरचं झालेलं असतं. चार हा आकडा हवेतून आलेला नाही, तो वर्षाच्या ऋतूंना धरून आहे असं मी आपलं मानते. कोष्टकात तसं काही लिहिलेलं नाही. बद्धकोष्ठालाही हाच न्याय: वर्षात रेचकाच्या चार चिठ्ठ्या. अर्धशिशीलाही चार.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. हृदय निकामी होत जाणं हा एक आजार आणि बद्धकोष्ठ हाही एक आजार. दोघांचं वजन एकेक? गणित आंधळं नाही का? आहे. वजनं लावून मोजायच्या पद्धतीही आहेत. मेरी चार्लसन यांनी १९८७ साली केलेली तशी एक जगभर वापरली जाते. तिच्यात आजाराला मृत्यूच्या धोक्याप्रमाणे गुण मिळतात. पण मृत्यूच्या तराजूत बहिरेपणाला वजनच नाही. बहिरेपणाने कोणी मरत नाही. फक्त डॉक्टर काय बोलला ते ऐकू येत नाही, आणि मधुमेहाची गोळी जेवणाआधी की नंतर ते चुकतं. मोजण्याच्या या निरनिराळ्या साधनांचा धांडोळा २०१२ सालीच दुसऱ्या एका गटाने घेतला, तेव्हा निघालं असं की साधी मोजणी, म्हणजे नुसते आजार किंवा नुसती औषधं बोटांवर मोजणं, ही त्या गुंतागुंतीच्या पद्धतींच्या जवळजवळ तोडीस तोड उतरते. मला यात गंमत वाटली. भाजीवाली मावशी बोटांच्या पेरांवर हिशोब करते तोच बरोबर निघतो, त्यातला प्रकार.

खरी अडचण वजनाची नाही, चाळणीची आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका आढाव्यात अशा निर्देशांकांतल्या आजारांची संख्या तपासली होती. ती ४ पासून १०२ पर्यंत पसरलेली होती. चारच आजार मोजले तर बहुव्याधी दुर्मीळ ठरते, १०२ मोजले तर चाळिशीनंतर कोणी सुटत नाही. तेव्हा ‘आमच्या गावात इतके टक्के बहुव्याधी’ असं कोणी सांगितलं की आधी त्याची चाळणी मागावी. बार्नेट मंडळींची ४० छिद्रांची आहे, ती त्यांनी उघड्यावर ठेवली आहे, आणि तिची नक्कल पुढे कितीतरी जणांनी केली.

आता त्या चित्राकडे. लेखातला दुसरा आलेख.

आडव्या रेषेवर वय, उभ्यावर बहुव्याधी असलेल्यांची टक्केवारी, आणि मधे दहा रेघा. स्कॉटलंडच्या वस्त्यांचे सुस्थितीपासून हलाखीपर्यंत दहा भाग पाडले आहेत, दर भागाची एक रेघ. हलाखी मोजायला तिथे एक जुना निर्देशांक आहे, कारस्टेअर्सचा. त्यात चारच गोष्टी पाहतात: घरातली दाटीवाटी, पुरुषांची बेकारी, घरातल्या कर्त्याच्या कामाचा सामाजिक दर्जा, आणि दारात मोटार नसणं. या शेवटच्या गोष्टीवर मी प्रत्येक वेळी थांबते. ‘मोटार नाही’ ही तिथे गरिबीची खूण आहे, हे वाचताना आपल्याकडची कुठली एक वस्तू तिच्या जागी ठेवता येईल याचा विचार सुरू होतो आणि चटकन काही सुचत नाही.

दहा रेघा डावीकडे, बालपणाशी, केरसुणीच्या मुठीसारख्या आवळलेल्या आहेत. लहान मुलांत श्रीमंत-गरीब फरक दिसतो न दिसतो. विशीत मूठ सैल होते. तिशी-चाळिशीत काड्या फाकायला लागतात. पन्नाशीच्या आसपास केरसुणी पुरती पसरलेली असते. मग सत्तरीनंतर काड्या पुन्हा एकमेकींकडे झुकू लागतात, आणि पंचाऐंशीच्या पलीकडे पुन्हा जवळजवळ एकत्र.

या चित्राचं सार लेखात एका वाक्यात आहे: सर्वांत हलाखीच्या वस्तीतल्या माणसाला बहुव्याधी गाठते ती सर्वांत सुस्थित वस्तीतल्या माणसापेक्षा १० ते १५ वर्षं आधी. वाक्य प्रसिद्ध झालं, भाषणांतून फिरलं. पण वाक्यात नाही ते चित्रात आहे. कुठल्याही एका उंचीवर, समजा ३० टक्क्यांवर, पट्टी आडवी ठेवावी. वरच्या रेघेवरून खालच्या रेघेपर्यंत पट्टीच्या कडेने बोट सरकवत न्यावं. बोटाला जो प्रवास घडतो तो वर्षांचा आहे. एखाद्याच्या मुलीचं लग्न, नातवाचं बारसं, निवृत्तीचा सत्कार, हे सगळं त्या दोन रेघांच्या मधल्या पांढऱ्या जागेत येतं.

आणि उजवीकडे काड्या पुन्हा जुळतात ते का? म्हातारपणी गरिबी निवळते म्हणून नव्हे. माझं वाचन असं, की हलाखीच्या वस्तीत ज्यांच्या अंगावर आजारांचा ढीग लवकर चढला त्यातले पुष्कळजण पंचाऐंशीपर्यंत पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात ते मुळचे काटक. रेघ खाली आलेली दिसते, पण तिच्याखाली माणसं कमी झालेली आहेत. छेद गळलेला आहे. हे आलेखात लिहिलेलं नाही. दोन रेघा जवळ येतात तिथे ते ऐकावं लागतं.

अशाच चलाखीची आणखी एक जागा. वयाचा विचार न करता नुसतं विचारलं, की गरीब वस्तीत बहुव्याधी किती आणि श्रीमंत वस्तीत किती, तर फरक फार मोठा दिसत नाही. कारण गरीब वस्त्या वयाने तरुण आहेत. श्रीमंत वस्त्यांत म्हातारे जास्त, म्हणून तिथेही आजार जमतात. सरासरीने दोघांना एका पातळीवर आणून बसवलं, आणि एक जण पंचेचाळिशीचा आहे, दुसरा साठीचा, हे झाकलं गेलं. दहा रेघा वयावर पसरवल्या तेव्हा ते उघडं पडलं. या सहा जणांनी शोधून काढलं त्यापेक्षा झाकू दिलं नाही, याची मला जास्त किंमत वाटते.

मात्र लेखातली माझी सर्वांत आवडती जोडी आलेखात नाही, साध्या मजकुरात आहे: २,१०,५०० आणि १,९४,९९६.

बहुव्याधी म्हातारपणाची, हे सगळ्यांनाच ठाऊक. लेखातही ते आहे: २५ ते ४४ वयात ११.३ टक्के, ४५ ते ६४ मध्ये ३०.४, ६५ ते ८४ मध्ये ६४.९, आणि ८५ च्या पुढे ८१.५. चढती भाजणी. इथे थांबलं असतं तर लेख वृद्धांच्या आजारांवरचा आणखी एक लेख झाला असता. पण मग त्यांनी टक्केवारी बाजूला ठेवून माणसं मोजली. पासष्टीच्या आतले बहुव्याधीग्रस्त २,१०,५००. पासष्टीचे आणि पुढचे १,९४,९९६. म्हातारे प्रमाणाने जास्त, पण डोकी मोजली तर तरुण आणि मध्यमवयीनच जास्त. साडेपंधरा हजारांनी जास्त. आणि ही माणसं नोकरीतली आहेत, घराचे हप्ते भरणारी आहेत, ज्यांच्यासाठी वृद्धांचा विभाग नाही आणि ज्यांना ‘या वयात असं चालायचंच’ असं म्हणताही येत नाही. इतका वेळ छेदाची थोरवी सांगितली. इथे लेखकांनी छेदच काढून घेतला आणि नुसत्या अंशाला बोलू दिलं. कधी भागायचं आणि कधी भागू नये, हे कळणारा माणूस मला गवयासारखा वाटतो.

मनाच्या आजारांवरचा भाग मी भरभर वाचते. तो नीट आहे, पण अपेक्षित आहे. शारीरिक आजार एक असला तर, एकही नसलेल्यांच्या तुलनेत, मानसिक आजार सोबत असण्याचं गुणोत्तर १.९५, पाच किंवा जास्त असले तर ६.७४. शरीर आणि मन दोन्ही बिघडलेली माणसं सर्वांत सुस्थित भागात ५.९ टक्के, सर्वांत हलाखीच्या भागात ११. जवळजवळ दुप्पट. कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे इथे कळत नाही, कारण मार्च २००७ चा तो एकच क्षण आहे. छायाचित्र आहे, चलच्चित्र नाही. हा लेखाचा दोष आहे आणि लेखकांनी तो लपवलेला नाही.

याच नोंदींवरून गथ्री आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘बीएमजे’मध्ये आणखी एक कोष्टक दिलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १०० जणांत तेवढा एकच आजार असलेले जेमतेम ९. हृदय अशक्त झालेल्या १०० जणांत तर ३ सुद्धा नाहीत. आणि डॉक्टरांच्या मार्गदर्शनाची पुस्तकं लिहिली जातात ती एका वेळी एका आजारासाठी. म्हणजे ज्या रुग्णासाठी पुस्तक लिहिलंय तो रुग्ण जवळजवळ अस्तित्वातच नाही.

अस्तित्वात नसलेल्या माणसाची एक उलटी गोष्टही वैद्यकीय वाङ्मयात आहे. २००५ साली सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक बाई कल्पिली: वय ७९, आजार पाच, मधुमेह, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, सांध्यांची झीज आणि फुप्फुसांचा जुनाट विकार. मग पाचही आजारांची मार्गदर्शक सूत्रं तिला अगदी इमानाने लावली. हाती आली १२ औषधं, दिवसातून पाच वेळा मिळून १९ मात्रा, महिन्याचा खर्च ४०६ डॉलर. शिवाय आहाराची, व्यायामाची, पाय तपासण्याची पथ्यं वेगळी. कथेतली पात्रं पुष्कळ पाहिली, पण इतक्या थोडक्या तपशिलात इतकी दमलेली बाई क्वचितच भेटते.

आता भारताकडे. ओडिशात संघमित्रा पती यांच्या गटाने फॅमिली डॉक्टर आणि प्राथमिक केंद्रांत येणाऱ्या रुग्णांची अशीच मोजणी केली; २०१५ साली ती छापून आली. ४० ठिकाणं, १,६४९ प्रौढ रुग्ण, १८ आजारांची यादी. बहुव्याधी २८.३ टक्के, १८ ते २९ वयात ५.८, सत्तरीपुढे ४५.

२८.३ आणि २३.२ शेजारी ठेवून ‘बघा, आपल्याकडे जास्त’ म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. छेद निराळे आहेत. स्कॉटलंडच्या छेदात न आलेला गवंडीही आहे. ओडिशाच्या छेदात त्या दिवशी दारात आलेलेच आहेत. चालत, सायकलवर, दिवसाची मजुरी बुडवून. चाळण्याही निराळ्या, एक ४० ची, एक १८ ची. पण हा ओडिशाच्या लेखाचा कमीपणा नव्हे. जिथे कुणाचं नाव कुठल्याच डॉक्टरच्या यादीवर नाही, जिथे माणूस तापाला एकाकडे, मणक्याला दुसऱ्याकडे आणि साखरेला तिसऱ्याकडे जातो, तिथे संगणकात बसून मोजता येतच नाही. माणसाला समोर बसवून त्याच्या भाषेत विचारावं लागतं. म्हणून याच गटाने प्राथमिक केंद्रांसाठी मुद्दाम एक प्रश्नावली घडवली आणि ती २०१६ साली प्रसिद्ध केली. तिथे छेद आयता मिळालेला; इथे प्रश्न विचारत विचारत बांधायचा.

ओडिशाच्या लेखात एक ओळ अशी आहे की ती वाचून मी स्कॉटलंडचा आलेख पुन्हा उघडला. जास्त शिकलेल्या आणि जास्त मिळकतीच्या रुग्णांत बहुव्याधी जास्त निघाली. केरसुणी उलटी! मग गरीब इथे तब्येतीने खडखडीत, असं समजायचं? ‘तुम्हाला रक्तदाब आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला आधी कुणीतरी दंडाला पट्टा बांधून पाहिलेलं असावं लागतं. ज्याच्या दंडाला पट्टा लागलाच नाही त्याचं उत्तर ‘नाही’, आणि तेही प्रामाणिक. खाणंपिणं आणि बैठं काम यांचाही वाटा असेलच. पण मोजला गेला तो आजार की निदान, हा प्रश्न त्या ओळीच्या मागे दबा धरून बसलेला आहे. तो स्कॉटलंडच्या लेखालाही लागू आहे. तिथे गवंड्याचं नाव यादीत आहे खरं, पण तो चार वर्षांत आलेलाच नाही, तेव्हा त्याच्यापुढे एकही संकेतांक नाही. तो निरोगी धरला गेला. छेदाला तो माहीत आहे, अंशाला नाही.

सहा लेखकांपैकी ग्रॅहम वॉट यांना हे पुरेपूर ठाऊक असणार. वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. गरज जिथे सर्वांत जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोहोचते, हा ‘व्यस्त काळजीचा नियम’ त्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. वॉट तरुणपणी त्यांच्या हाताखाली काम केलेले. पुढे २००९ पासून स्कॉटलंडच्या सर्वांत हलाखीच्या वस्त्यांतल्या शंभर दवाखान्यांचा ‘खोल पाण्यातले डॉक्टर’ असा गट उभा राहिला, त्यातही ते पुढे होते. पोहण्याच्या तलावाचं एक टोक उथळ, एक खोल. पाणी एकच, पण खोल टोकाला पाय टेकत नाहीत. आलेखातली ती सर्वांत वरची रेघ तिथून आलेली आहे.

गेल्या दिवाळीत सांगलीला मावशीकडे होते. तिचा औषधांचा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र पुसत आलेलं. दुपारी ती आडवी झाली होती आणि मी ती ४० ओळींची यादी फोनवर काढून डबा उपसत बसले. रक्तदाब, एक. मधुमेह, दोन. थायरॉईड, तीन. काचबिंदूचे थेंब, चार. कानाचं यंत्र डब्यातच एका रुमालात गुंडाळलेलं होतं, पाच. इसबगोलाचं खोकं होतं, पण ते तिने वाण्याकडून आणलेलं, चिठ्ठी नाही, तेव्हा धरता येईना. तळाशी गोळ्यांच्या स्ट्रिपचे कात्रीने कापलेले तुकडे होते, दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांचे. केमिस्टने सुटं कापून दिलेले. नाव जिथे छापलेलं असतं ती कड नेमकी कापली गेलेली. एका तुकड्यावर ‘…नॅक’ एवढीच शेवटची अक्षरं उरली होती.

मावशी उठून बसली. “काय मांडलंयस गं हे?”

“तुझे आजार मोजतेय.”

तिने यंत्र मागून घेतलं, कानात बसवलं, मग पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

“किती भरले?”

“पाच.”

“पाठीचं धरलंस का त्यात?” असं म्हणत तिने तळातला तो तुकडा उचलला, मागून गोळी दाबून काढली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.